बिनमिठाचं ताट

लाकूडतोडीचा कॅम्प, पापुआ
१४ जानेवारी १९९१

ती. मिंदूताईस,
धाकट्या उंगातचा सा. न. वि. वि.

मी इकडे बरा आहे. पाऊस, चिखल, करवत, परत चिखल. चौथीपर्यंत शिकलो ते विसरत चाललोय, म्हणून अक्षर वाचवत नसेल तर वरच्या देवाला दोष दे, मला देऊ नकोस.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या लांबघरातल्या शेवटच्या दाराच्या बिऱ्हाडातला सेंगालाङ इथे कामाला आलाय. आल्या आल्या सगळ्यांसमोर दात काढत म्हणाला, उंगात, तुझी बहीण आता घराचे खांब तेवढे खायची राहिली. पाहुण्यांसाठी बांबूत शिजवलेली कोंबडी तू एकटीने संपवलीस आणि वर बांबू फोडून आतून चाटलास, असं त्याने हातवारे करून दाखवलं. मी त्याला चिखलात लोळवला. मग हात देऊन उठवला आणि खरं काय ते विचारलं.

तो म्हणतो, तुझ्या मूत्रपिंडाच्या दुखण्यावर कापित गावातल्या डॉक्टरने ज्या गोळ्या दिल्या, त्यांनीच तुला ही भूक लागली. आणि मुखियाची म्हातारी आई सिंबाआजी सगळीकडे सांगत फिरते की गोळीच्या वाटेने पोटात भुकेलं भूत शिरलं, गोळ्या नदीत फेका म्हणजे भूत वाहून जाईल. आणि आई म्हणे तिचं ऐकते!

ताई, गोळ्या फेकू नकोस. इथल्या दवाखान्यातल्या माणसाला मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, ही गोळी एकदम सोडली तर माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतो, कुणाची आजी नाही. हे तिला माझ्या नावाने सांग. नको, नावाने नको, ती मला आधीच वाया गेलेला म्हणते.

खरं काय ते लवकर कळव. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, पत्रावर दोन ओळी जास्त खर्च कर.

तुझा,
उंगात

---

घरून, नदीकाठ
१० फेब्रुवारी १९९१

चि. उंगात यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

सेंगालाङला लोळवलास ते चांगलं केलंस. पण तो खोटं बोललेला नाही. बांबू मी चाटला. पुन्हा मिळाला तर पुन्हा चाटेन.

तुला कसं सांगू ही भूक? पोट भरून जेवते, हात धुते, आणि हात वाळायच्या आत पोट विचारतं, जेवण कधी? शेतात भात कापताना कणसं दिसत नाहीत, शिजलेला भात दिसतो. आणि सगळ्यात ओढ कशाची, तर कासामची. बरणीत मिठात मुरवून आंबवलेलं ते डुकराचं मांस, आपल्या आईच्या हातचं. झाकण उघडल्याचा आवाज आला तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मला लाज वाटत नाही. ही भूक गोळीची आहे, डॉक्टरने मला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, गोळी आहे तोवर भूक राहणार, तिच्याशी भांडू नकोस, खा, थोडं थोडं खा, पण मीठ तुझा वैरी. मीठ पोटात गेलं की पाणी अंगात साठतं आणि पाय सुजतात.

आता घोळ बघ. मिंदूला भूक लागते ही बातमी या दारातून त्या दारात गेली आणि प्रत्येक दारातून माझ्यासाठी ताट यायला लागलं. खारवलेला मासा, कासाम, खारवलेली मोहरीची पानं. मायेने आणतात रे सगळ्या. आणि आपल्यात पुढे आलेल्या अन्नाला नाही म्हणायची सोय आहे का? नाही म्हटलं की पुनीचा दोष लागला, नदीवर मगर नाहीतर रानात साप ठरलेला. बोट ताटाला लावून ओठाला टेकवलं की पुनी सुटते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तुझं माझं तेवढ्यावर भागायचं. आता माझं बोट ओठाला लागलं की ते परत येत नाही, सगळा हातच ताटात जातो.

म्हणून पाय सुजले. सूज बघून सिंबाआजीने ओसरीवर सगळ्यांना बसवलं आणि भूत वाढतंय म्हणून जाहीर केलं. मी म्हटलं, आजी, भूत नाही, तुमचा खारा मासा आहे. सगळ्या हसल्या, ती हसली नाही. तिने विचारलं की तिच्या माशाने आजवर कोण सुजलं? शेवटी ठरलं असं, की जूनमध्ये गावाईचा सुगीचा सण येईपर्यंत वाट बघायची. तेव्हाही पाय सुजलेले असले तर गोळ्या बंद, डबी नदीत.

आईने डबी उचलून कमरेला बांधून ठेवली होती. मी तिच्याकडून काढून घेतली. ती रडली, मीही रडले, पण डबी आता माझ्या उशाशी आहे. भूत उतरवायला मनांगला बोलवायचं असेल तर बोलवा म्हटलं, त्याने गावं, मंत्र म्हणावे, मी पुढ्यात बसेन. पण गोळी घेऊन बसेन.

मी हरणार नाही, पण कशी जिंकू ते अजून सुचलेलं नाही. तुझ्या डोक्यात काही असलं तर पाठव, नसलं तरी पाठव. लोभ असू दे, आणि लोभापोटी तिकडून खारवलेलं काही धाडू नकोस.

तुझी,
मिंदू

---

कॅम्प, पापुआ
६ मार्च १९९१

ती. मिंदूताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मशीनवर बसून वाचलं आणि मुकादमाने शिव्या दिल्या. दिल्या तर दिल्या.

डोक्यात काही सुचत नाही, पण मी एक केलं. तू मिठाशिवाय जेवतेस तर मीही जेवून बघतो म्हटलं, बघू तरी ताईवर काय बेतलंय. स्वयंपाक्याला सांगितलं, माझं वेगळं काढ, मीठ घालू नकोस. ताई, तू वाघीण आहेस. पहिला घास तोंडात घोळवून मला कळेना गिळायचा की थुंकायचा. कापडाचा बोळा चावल्यासारखं! चार दिवसांत जीभ थोडी शहाणी झाली. आलं आणि आंबट फळ घातलं की बरं लागतं, हे माझं संशोधन.

त्यात एक गंमत झाली. सेंगालाङ नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी येऊन टोमणे मारायला बसला, की उंगात आता बाळंतिणीचं जेवण जेवतो. मी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि जेव म्हटलं. गडी पांढरा पडला. तो आपलाच माणूस, नाही कसं म्हणणार? आणि त्याला त्याच दिवशी नदीतून ओंडके वाहवायचे होते, तिथे मगरी आहेत. बोट लावून सुटायला गेला तर मी म्हटलं, मी हाताने वाढलंय, तू बोटाने काय उरकतोस, भावाचा असा अपमान? बिचाऱ्याने चांगला मूठभर भात खाल्ला. तोंड असं केलं की स्वयंपाकी हसून हसून खाली बसला. आता तो माझ्याजवळ जेवायला बसत नाही.

बाकी, माझं इथे मन लागत नाही. पलीकडच्या बेटांवर नवा कॅम्प उघडतोय, तिकडे जायचा विचार आहे. गावाईला यायचं जमेलसं वाटत नाही. येऊन तरी काय, सिंबाआजी मला बघून थुंकणार. तुझ्या वाटणीचं मी इथे खात जाईन, काय खावंसं वाटतं ते लिहीत जा.

डबी उशाशीच ठेव. दूरच्यावर दुरून करतात तेवढी माया करत राहा.

तुझा,
उंगात

---

घरून
१२ एप्रिल १९९१

चि. उंगात यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

गाढवा, डोक्यात काही सुचत नाही असं लिहितोस आणि पत्रात सगळं लिहून पाठवतोस! सेंगालाङचा मजकूर वाचला आणि मी तशीच उठून चूल पेटवली.

भोपळा शिजवला, रानातली नेच्याची कोवळी पानं, बांबूत कोंबडी, त्यात आलं, गवती चहा, आंबट रानफळ. मिठाचा कण नाही. भांडं ओसरीवर आमच्या दारापुढे मांडून बसले. पहिली आली लान्साममावशी, हातात खाऱ्या माशाचं ताट. मी म्हटलं, मावशी, बसा, ताट ठेवा, आधी माझ्या हातचं घ्या. तिने चव घेतली आणि विचारलं की मीठ विसरलीस का गं. मी म्हटलं, विसरले नाही, मी असंच जेवते, तुम्हीही जेवा. नाही म्हणायची सोय नव्हती. तुझ्यासारखंच मी कुणाला बोटावर सोडलं नाही. मावशीने सगळं संपवलंन आणि तिच्या माशाला मी फक्त बोट लावलं. पोट भोपळ्याने भरलेलं होतं, म्हणून या वेळी बोट परत आलं!

मग दारोदार बातमी गेली की मिंदूकडे ताट न्याल तर तिचं बिनमिठाचं खावं लागेल. काहींनी ताटं आणायचीच बंद केली, ते एक बरं झालं. काही वाकड्या तोंडाने खाऊन गेल्या. आणि लान्साममावशी तिसऱ्या खेपेला आली ती बिनमिठाचा मासा घेऊन, वर म्हणते कशी, यात हळदीचं पान घालून बघ, तुझ्या कोंबडीला काही धड चव नाही. मी तिचं अर्धं ताट खाल्लं. पोटभर, उंगात, पोटभर! किती दिवसांनी मी भुकेला हो म्हटलं.

आता सिंबाआजी. ती सगळ्यात शेवटी आली, कासामची अख्खी वाटी घेऊन, मागे पंधरा बायका तमाशा बघायला. आईच्या हातचं कासाम, आजीने आमच्याच बरणीतून मागून नेलेलं. वास आला आणि माझे डोळे भरले. खोटं सांगत नाही, तेव्हा मला कुणी विचारलं असतं की गोळी हवी का कासाम, तर मी काय म्हटलं असतं ठाऊक नाही. मी बोट बुडवलं, ओठाला लावलं, आणि दुसऱ्या हाताने तो हात धरून मांडीवर ठेवला. सगळ्यांना ते दिसलं. दिसू दे. मग आजीपुढे माझं ताट सरकवलं. ती म्हणाली की तिला भूक नाही. मी म्हटलं, आजी, मला आहे, मला तर नेहमीच असते, तरी मी बोट लावून थांबले. तुम्ही भूक नसून नाही म्हणता? आणि उद्या होडीने माहेरी जायचंय ना तुम्हाला? बायका खुसखुसल्या. आजी जेवली. सावकाश, एकेक घास, माझ्याकडे बघत. ताट पुसून ठेवलंन आणि म्हणाली की भूत असतं तर त्याने वाटी सोडली नसती.

एवढंच. पण मग तिने स्वतः माझ्या नडगीवर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला नाही, सूज उतरली होती. पुढच्या आठवड्यात कापितला डॉक्टरनेही दाबून बघितला, गोळी थोडी कमी केली, एकदम नाही. आईने त्या दिवशी कासामची बरणी माळ्यावर नेऊन ठेवली, आणि आता गोळीच्या वेळेला पाणी तीच आणून देते.

भूक गेलेली नाही. गोळीने तोंड पपनसाएवढं झालंय. गावाईला याच तोंडाने मी ओसरीच्या मधोमध नाचणार आहे, ज्याला हसायचं त्याने हसावं, हसून झालं की माझ्याकडचं जेवावं.

आता तुझं. पलीकडच्या बेटांवर जायचं म्हणतोस? मी गावाईला तुझं ताट मांडते आहे. बांबूतली कोंबडी, नेच्याची पानं, हळदीच्या पानातला मासा, नव्या तांदळाचा भात. बघ, वाढलं. मी तुझ्यापुढे ठेवलं. आता नाही म्हणून दाखव.

लोभ आहेच, तो ताटाशी येऊन घेऊन जा.

तुझी,
मिंदू

---

कॅम्प, पापुआ
९ मे १९९१

ती. मिंदूताईस,
सा. न. वि. वि.

हा अन्याय आहे. समुद्रापलीकडून कुणी ताट वाढतं का?

मी सेंगालाङला विचारलं, पत्रातलं ताट धरायचं की नाही. त्याला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, तिच्याशी खेळू नकोस, मगरी खऱ्या आहेत. मग मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला की आता सुट्टी नाही, गेलास तर परत येऊ नकोस, नव्या कॅम्पचंही नाव काढू नकोस. मी म्हटलं, बरं. त्याला वाटलं मी घाबरलो. मी करवत त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

उद्या गाडीने बंदरावर, तिथून जमेल तसा. पुढचं काम पुढे बघू, मला बसून राहायला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, सणानंतर कुठेतरी जाईनच. पण गावाईला ओसरीवर तू नाचशील तेव्हा पहिलं ओरडणारं तोंड माझं. जो हसेल त्याला चिखलात लोळवीन, सिंबाआजी सोडून.

तू ताटात जे जे लिहिलंस, त्या त्या शब्दावर मी बोट ठेवून ओठाला लावलं. वाटेत इतकं पाणी आहे, उगाच कशाला. पण तेवढ्यावर तू कुणालाच सोडत नाहीस, मलाही सोडणार नाहीस. म्हणून बाकीचं येऊन खातो.

मीठ आणत नाही. लोभ असावा, आणि भात जास्त टाक, आता भुकेले दोघं आहोत.

तुझा,
उंगात