देव वन्संकडे पोचवले

विजय नगर, जबलपूर

ती. आईला सरोजिनीचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत, काळजी करू नको. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

यांना जिनिव्हाला सहा महिने शिकवायला बोलावलं आहे, मलाही नेता येतं. पण हे तयारच नव्हते. म्हणाले, "अर्धं आयुष्य कॉलेजात अणुबॉम्ब आणि देशादेशांमधल्या कायद्यांचा इतिहास शिकवला. कोणी ऐकून राहिलं काय?" हल्ली बातम्या लागल्या की ताटावरून उठतात.

मी म्हटलं, "मग तिथं जाऊन सांगा, मला काहून सांगता?"

"आणि तुझ्या देवांचं कोण करेल?"

कधी निरांजन लावलं नाही, आणि आता देव आठवले!

म्हणून आज देव ताम्हनात तांदळांवर ठेवले आणि ओमती भागात वन्संच्या घरी पोचवले. परत आले तर हे रिकाम्या देव्हाऱ्यासमोर उभे. मग म्हणाले, "चलो, माझा जाड स्वेटर शोध."

स्वेटर दिला. पण आई, सांजवात लावताना हात थांबला. देवांशिवाय मी एक दिवसही राहिले नाही. बरोबर केलं ना मी? लवकर कळव.

तुझी,
सरोज