धूसर फोटो आणि माझे हात

चिरंजीव,

नातीच्या वाढदिवसाचे मी काढलेले सगळे फोटो धूसर आले, तेव्हा तू पाहुण्यांसमोर हसत म्हणालास, "आईचे हात आता थरथरतात." डॉक्टरीणबाई तिथेच बसल्या होत्या. आज सकाळी येऊन त्या शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेल्या. "आता आराम करा, मावशी," म्हणाल्या. तीस वर्षं त्यांचे कपडे मी शिवते आहे.

त्या गेल्यावर, ज्याने ते फोटो काढले होते तो तुझा नवा कॅमेरा मी टेबलावर ठेवला, टायमर लावला आणि लांब जाऊन उभी राहिले. तरी फोटो धूसरच. मग माहितीपुस्तिका पानन्‌पान वाचून काढली. लेन्सच्या बाजूचं बारीक बटण तू मॅन्युअलवर सरकवून ठेवलं होतंस, त्यामुळे फोकस आपोआप होतच नव्हता. ते ऑटोवर केलं आणि कॅमेरा हातात धरून मशिनचा फोटो काढला. सुईचं नेढंसुद्धा स्वच्छ दिसतंय, बघ.

मी तुझ्या मावशीकडे जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय. जेवायच्या आधी डॉक्टरीणबाईंना फोन कर आणि चूक कोणाची होती ते स्वतःच्या तोंडाने सांग. माझी माफी मागत बसू नकोस. मला माझं काम परत हवंय.

आई