मद्रा अजून कामावर आहे

४ मे
ज्वालामुखीच्या निरीक्षण-ठाण्यात आज रुजू झाले. हवा निर्मळ, कॉफी उत्तम, खिडकीतून थेट समुद्र दिसतो. सोबतीला वृद्ध मदतनीस विर्ता; मला तो 'दायू' म्हणतो. पर्वताचे हादरे एक संगणक मोजतो. ते वाढले की पायथ्याच्या सात गावांचा भोंगा तोच वाजवतो. अशा यंत्रावर नारळीच्या पात्यांच्या द्रोणात भात, फुले आणि उदबत्तीची राख होती. हा गलथानपणा तत्काळ दूर केला.

५ मे
नोंदी बारीक थरथरीने बरबटलेल्या. तो वाऱ्याचा गोंगाट आहे, एवढेही आधीच्या निरीक्षकाला उमगू नये? तो गाळणारी आज्ञावली बसवली. आलेख आता सुरेख दिसतो.

६ मे
दुपारी दोन वीसला संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अकरा मिनिटे भोंगा मुका. माझी गाळणीही निघाली, पुन्हा बसवली. वीज, उष्णता, जोडण्या सर्व निर्दोष.

८ मे
रोज दोन वीस. अखेर यंत्राच्या नोंदींत कारण सापडले. बिघाड नव्हे, रीतसर आज्ञा. देणारा मद्रा, माझ्या आधीचा निरीक्षक. तो याच खुर्चीत वारला.

विर्ताला विचारले. म्हणाला, "दायू, त्यांना नुसतं पुरलंय. गावातल्या सगळ्या मृतांचं एकत्र दहन पुढच्या वर्षी, तोवर जीव सुटत नाही. तोवर मद्रादादांची सुटी कोण मंजूर करणार? म्हणून तर जेवायला ठेवत होतो." मी त्याला गप्प केले, तर पुटपुटला, "तुम्ही परदेशात शिकलात. पर्वत इथंच शिकलाय."

९ मे
मद्राचे खाते पुसून टाकले. आता प्रवेश केवळ माझ्या नावाने. दोन वीस उलटले, यंत्र शांत. योग्य निदान, योग्य उपाय.
खुर्ची मात्र मी आत सरकवली होती. ती बाहेर ओढलेली आहे.

१० मे
कळफलकावर राख. पुसली. पुन्हा राख.
आलेख सरळ. पण कपातली कॉफी थरथरते आहे. वारा नाही.

११ मे, दुपार
समजले. तो यंत्र बिघडवत नव्हता. माझी गाळणी काढत होता. गोंगाट नव्हता तो —
चालू यंत्रावरून गाळणी निघत नाही. पुन्हा सुरू करण्याची आज्ञा मी दिली. दोन वीस. अकरा मिनिटे.
विर्ताला गावांकडे पिटाळले. दारातून म्हणाला, "चला दायू, यंत्र काय पळून जातंय का?" जाता येत नाही. सुरू होताच ते नाव मागेल, नावाशिवाय भोंगा वाजणार नाही. मद्राचे मी पुसले. माझेच उरले.

पाच मिनिटे. छत कडकडते — राख आत —

आठ. माझ्या हातांशेजारी दोन हात. राखेचे. स्थिर. वाट पाहत —

नाव मागते आहे. माझी बोटे हलत नाहीत. राखेची लिहीत आहेत — माझे नाव — एकही चूक नाही —

भोंगा