पेंग्विन आला, तिसरी ओळ गेली

येडशी,
मंगळवार

चि. रणधीरभाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

गुडघा कसा आहे ते कळवा. पाहुण्यांना घेऊन तुम्ही नळदुर्गच्या किल्ल्यातला बुरूज चढलात असं आरोहीनं सांगितलं. म्हणजे गुडघ्याआधी डोकं तपासून घ्यायला हवं. माझी प्रकृती उत्तम आहे. मी रागात आहे, आणि रागात माझी प्रकृती नेहमीच उत्तम असते.

राग तुमच्यावर आहे. तुमच्या दादांनी (त्यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल) घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन चुली मांडल्या होत्या: त्यांचं लिनक्स आणि माझं विंडोज. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या तीन ओळी यायच्या. ‘पहिलं माझं.’ ‘दुसरं तुझं.’ आणि तिसरी, जी निवडून काहीच उघडायचं नाही, नुसती मला उद्देशून लिहिलेली. (मराठी, तेही इंग्रजी अक्षरांत! सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी यासाठी बोटांवर पट्टी मारली असती.) दहा सेकंदांत ठरवलं नाही तर पहिलं आपोआप उघडायचं, म्हणजे या घरात इतकी वर्षं जे चाललं तेच. ती तिसरी ओळ वाचून रोज सकाळी माझं डोकं फिरायचं, आणि हे आतून विचारायचे, ‘वाचलंस का?’

दिवाळीला तुम्ही आलात, पडदा पाहिलात आणि म्हणालात, ‘वहिनी, ही काय निजामाच्या काळातली पाटी! आता चित्रांचा बूट मॅनेजर मिळतो.’ (कॉम्प्युटर जागा होताना आत कोणाला सोडायचं हे विचारणारा तो दारावरचा शिपाई. तुम्ही मला हे दोनदा समजावलंत. मला पहिल्याच वेळी समजलं होतं.) वर म्हणालात की, तुम्हाला जमायचं नाही, मी पुढच्या खेपेला करून देतो. तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला हे बोलायचं नसतं. तुमची गाडी फाट्यावर पोचायच्या आत मी सूचना वाचायला घेतल्या होत्या.

सूचना स्पष्ट होत्या: जुनी यादी काढून टाकण्याआधी तिची नक्कल ठेवा. मी वहीत सुवाच्य अक्षरात नक्कल केली. पहिली ओळ घेतली, दुसरी घेतली. तिसरी गाळली. कार्यालयीन कागदात खाजगी मजकूर येऊ नये, ही सवय. माझ्या टेबलावरून अर्जदारांची कित्येक रडगाणी अशीच गाळून पुढं गेली असतील. आज त्या सगळ्यांची माफी मागावीशी वाटते.

मग नवा शिपाई आला. देखणा, प्रश्नच नाही. निळा पडदा, यांच्या लिनक्सचा एक पेंग्विन, माझ्या विंडोजची एक खिडकी. शेजारच्या कमलबाई बघायला आल्या. ‘ह्यो बगळा रोज येतो व्हय, बाई?’ मी म्हटलं, ‘पेंग्विन आहे तो.’ त्या म्हणाल्या, ‘आसंल. पर मुका दिसतोय.’ मला तेव्हा हसू आलं होतं.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी यांनी रामलिंगच्या रानात काढलेल्या मोराच्या फोटोंपैकी एक निवडायला बसले. मशीन सुरू केलं आणि सवयीनं चिडायला तयार झाले. पेंग्विन बघत राहिला. चिडण्यासारखं काही आलंच नाही. त्याला दहा सेकंदांचीही घाई नव्हती. मी चहा करून आले तरी तो तसाच उभा. तेव्हा लक्षात आलं, तिसरी ओळ काय होती ते मला आठवत नाही. चिडायचे एवढं आठवतं.

म्हणून तो शिपाई काढून टाकला. वरचा रंग खरवडला की भिंतीवर जुना रंग निघतो, तसं होईल असं वाटलं होतं. तसं होत नाही. आता काळा पडदाही येत नाही, पेंग्विनही येत नाही. मशीन काही न विचारता सरळ विंडोज उघडतं. रोज माझंच. इतकी वर्षं यासाठीच भांडले होते.

करिश्माला आणि आरोहीला आशीर्वाद.

तुमची,
राजेश्वरीवहिनी

ता. क. दुरुस्तीला येऊ नका. मोर लिनक्सच्या भागात शाबूत आहेत, फक्त दार बुजलंय. ते उघडायच्या सूचना मी वाचते आहे.

ता. क. दुसरा: हे हयात असताना मी त्या काळ्या पडद्याचा फोटो तुम्हाला पाठवला होता, ‘बघा तुमच्या दादांचे पराक्रम’ असं लिहून. उत्तरात तुम्ही तीन हसरे चेहरे धाडलेत, म्हणून मी चार दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. माझ्या फोनमध्ये जागा करायला मी तो फोटो पुसला. तुम्ही मात्र उरकलेल्या लग्नांच्या पत्रिकासुद्धा पुसत नाही. या सवयीबद्दल मी जे जे बोलले ते मागे घेते. शोधा.

ता. क. तिसरा: सापडला तर फोनवर वाचून दाखवू नका. फोटोच पाठवा. मला ती ओळ स्वतः वाचून चिडायचं आहे.