कडेच्या ओळी

३ ऑक्टोबर २००४

प्रिय शुभदा,

पाकिटावर माझं नाव बघून तू दचकशील. इतक्या वर्षांत तुझं दर दिवाळीला कार्ड आलं आणि मी एकदाही उत्तर दिलं नाही. पत्ता हरवला नव्हता. लिहिता येत नाही असंही नाही. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले, पण वाचायची सवय तू आमच्याकडे राहिलीस तेव्हा लागली. आता वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही. चष्मा लागला आहे. लेकीने, गौतमीने, महाडहून करून दिला. उत्तर दिलं नाही, कारण माझा तुझ्यावर संशय होता. आमच्या वाडीच्या नाचणीवर मानमोडीचा रोग तू आणलास, असं मी मनाशी पक्कं धरून बसले होते.

आता राग येऊ दे, पण पुढे वाच.

तू आलीस ते ९६ साल. वीर स्टेशनला गाडीतून उतरून, रिक्षा आणि एसटी करून, शेवटचा चढ चालत तू दारात आलीस, तेव्हा तुझ्या पिशवीत कपडे कमी आणि खाकी पाकिटं जास्त होती. म्हणालीस, मावशी, मी नाचणीच्या रोगावर अभ्यास करते, कुडपणच्या अंगाला असं पावसाळी, धुक्याचं रान मला हवं आहे. आमच्या ह्यांनी लगेच वरच्या उताराचं वावर दिलं. मला ते तेव्हाच खटकलं होतं. चांगल्या बियाचा अभ्यास करणारी माणसं ऐकली होती. रोगाचा अभ्यास करायला कुणी घर सोडून येतं?

मग मी तुझ्यावर नजर ठेवली. तुला वाटायचं मावशी प्रेमाने वावरात भाकरी घेऊन येते. प्रेम होतं, पण बघायचंही होतं. तू वाकून पानं बघायचीस, भिंगातून. ज्या दिवशी पहिला डाग सापडला, मधे राखाडी आणि कडेने तपकिरी, त्या दिवशी तू टाळी वाजवलीस. पीक आजारी पडलं म्हणून हसणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. आणि ते फवारणं! रोगट पानं खलात घोटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून तू संध्याकाळी पंपाने रोपांवर मारायचीस. औषध का गो, असं मी विचारलं तर म्हणालीस, "औषध नाही मावशी, उलट." किती सरळपणे म्हणालीस. ज्या जातीला रोग लागत नाही ती शोधायची, तर आधी सगळ्यांना रोग द्यावा लागतो, हेही तू सांगितलंस. ते माझ्या डोक्यात शिरलं, मनात शिरलं नाही.

कापणीला तू खुणेच्या चिठ्ठ्या बघून पाकिटं भरलीस आणि म्हणालीस, बाकी सगळं जाळायचं. दाणासुद्धा ठेवायचा नाही. ते का, हे तू मला सांगितलं होतंस का? मी खूप आठवून बघते. ह्यांना सांगितलं असशील. बायकांना सांगायचं राहून जातं, बाईकडूनसुद्धा. तुझे सर येऊन उभे राहणार होते आणि त्यांच्यासमोर जाळायचं होतं, पण कशेडी घाटात ट्रक आडवा झाला आणि ते त्या दिवशी पोचले नाहीत. जाळणं दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या दिवशी सर आले, ह्यांनी ढीग काठीने वरखाली करून राख होईपर्यंत जाळला, आणि 'सर्व कणसे नष्ट केली' अशा कागदावर सही केली. त्या सकाळी तुम्ही उठायच्या आधी मी वावरात जाऊन आले होते. ते तुला ठाऊक नाही. त्याचं पुढे सांगते.

तू गेलीस. पुढच्या वर्षी आमची नाचणी अशी आली की लोक बांधावर थांबायचे. कणसं मुठीसारखी मिटलेली, दाणा टपोरा. चिमाबाई शेजारीण म्हणाली, "बये, नाचणीला दूध पाजलंस काय गो? मूठभर बी दे की मला." आमच्याकडे बी मागायला आलेल्या बाईला रिकामी पाठवत नाहीत. बी दिलं की आपलं वाढतं, असं माझी सासू म्हणायची. मी चिमाबाईला दिलं, तिच्या जावेला दिलं, खालच्या आळीला दिलं. अकरा घरांत गेलं ते.

९८ ला पाऊस उघडलाच नाही. भाद्रपदात कणसांच्या माना काळ्या पडल्या आणि एकेक करून मोडल्या. दूर उभं राहून बघितलं तर सगळा उतार मान खाली घालून उभा होता. हातात घेऊन चोळलं तर भुसा. तू मला दाखवली होतीस तीच मानमोडी. वाडीत कुणीही तुझं नाव काढलं असतं. पहिल्यांदा काढलं कुशाबांनी. हे ह्यांचे चुलत भाऊ, गावकीत त्यांचा शब्द मोठा. भरल्या बैठकीत ह्यांना म्हणाले, "दादा, लोक रोगाला वेशीबाहेर टाकतात. तू तर त्याला घरात ठेवून जेवू घातलंस रे!" लोक हसले. हे हसले नाहीत. मी मागे बायकांत बसले होते. मी बोलले. म्हटलं, होय, त्या पोरीनंच लावला, माझ्या डोळ्यांनी फवारताना पाहिला. मला वाटलं, दोष तुझ्यावर गेला की ह्यांच्यावरचा कमी होईल. झालं उलटं. घरच्या बाईनेच साक्ष दिली म्हटल्यावर पुरावाच मिळाला त्यांना. पुढच्या शिमग्यात पालखीला आमच्या घराचा खांदा लागला नाही. मान तीन पिढ्यांचा होता. पालखी दारात आली तेव्हा हे आत तांदूळ निवडत बसले होते. तांदूळ निवडायचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. मी चिमाबाईकडून आले तर हे पडवीत पाठमोरे बसून निळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहीत होते. कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "काय नाय, सोसायटीचं काम हाय." सोसायटीला कुणी इतका वेळ लिहीत नाही. पोस्टमन दोन दिवसांनी येणार होता, तरी ते पत्र घेऊन स्वतः पोलादपूरला उतरले. तेव्हा मला ह्यांचाही संशय आला. वाटलं, तू आणि हे मिळून काहीतरी लपवताय. तू काय पेरलंस ते ह्यांना ठाऊक आहे आणि माझ्यापासून झाकून ठेवलंय. हे मी मनात ठेवून त्यांना जेवायला वाढत होते, शुभदा. दोन वर्षं. २००० च्या श्रावणात छातीत दुखतंय म्हणून ते बांधावर बसले. डोली करून खाली आणलं, जीप मिळाली, पण दवाखान्याच्या पायरीला पोचेपर्यंत संपलं होतं. शेवटी काही बोलले नाहीत. एरवीही कमीच बोलायचे.

आता यंदाचं सांगते. ऑगस्टमध्ये खाली जीप लावून दोन साहेब वर आले. नाचणीच्या रोगाचंच काम, आणि त्यांना नेमकं तेच वावर हवं आहे, आधीची नोंद आहे म्हणे. कुशाबा म्हणाले, "पयला रोग अजून गेला नाय, आता दुसरा आणता काय?" निर्णय दसऱ्यानंतरच्या बैठकीवर ठेवला आहे. जाताना साहेबांनी घरोघर एक पुस्तिका वाटली. बाकीच्यांनी शेगडी पेटवायला ठेवली असेल. मी वाचली. त्यात एक ओळ आहे, ती मी तीनदा वाचली: रोगाची परीक्षा घ्यायच्या वावराभोवती कडेला अशी जात लावतात, जी रोग सगळ्यांत लवकर घेते, म्हणजे तिथून तो आतल्या जातींवर पसरतो, काम संपल्यावर ती जाळून टाकावी, तिचं बी धरू नये.

सातबारा शोधायला मी ह्यांचा बिस्किटाचा डबा माळ्यावरून काढला. इतकी वर्षं त्याला हात लावला नव्हता. सातबाऱ्याखाली तुझ्या वावराचा नकाशा निघाला, चौकटीच्या कागदावरचा. चारी कडांना लाल पेन्सिलीच्या ओळी आणि तुझ्या अक्षरात, 'लाल: रोगाला बळी पडणारी. नंतर जाळणे.' त्या सकाळी मी ज्या ओळींत गेले होते, त्या ह्याच. बांधाच्या वरच्या अंगाला, वारा लागतो तिथे, कडेच्या ओळीत काही कणसं रोगातून वाचली होती. काय सुंदर होती! सगळी आगीत जाणार म्हणून माझी झोप उडाली होती. खळ्यात दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायला शिकलेली मी. ओचाभर खुडली, चुलीवर धुरात टांगली, आणि मृगाला पेरली. ह्यांना म्हटलं, माहेराहून बी आणलं. वाडीभर वाटलं ते हेच. रोग बियात बसून आला नसेल, पण रोगाला आवतण देणारं बी मी घरोघर पोचवलं. पुस्तिकेत असंही आहे की रोग वाऱ्यानेही येतो आणि पावसाने वाढतो. त्या ओळीला धरून मी बसू शकते. बसणार नाही.

नकाशाच्या घडीत तुझं पत्र होतं, ९८ सालचं. माझ्या नावाचं, पण फोडलेलं, आणि मी कधीच न पाहिलेलं. ते आलं त्या दिवशी हे म्हणाले होते, शुभदाचं हाय, नुसती खुशाली. त्यात खुशाली दोन ओळींची आहे. मग तू लिहिलं आहेस: 'मावशी, तिकडे मानमोडी फार आहे असं कळलं. माझ्या कडेच्या ओळी पूर्ण जाळल्या होत्या ना? कुणी त्यातलं बी ठेवलं नाही ना? नीट आठवून कळवा, फार महत्त्वाचं आहे.'

म्हणजे ते निळं पत्र सोसायटीला नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत मी बायकांतून उठून पुढे जाणार आहे आणि बी मी काढलं, मी वाटलं, हे सांगणार आहे. कुशाबा माझं काय करतील ते करोत. माझ्या नवऱ्याचं नाव आजवर मी उखाण्याशिवाय घेतलं नाही. तिथे सरळ घेणार आहे: गोमाजींनी रोग आणला नाही. एवढं ठरलं आहे, त्याला तुझं उत्तर लागत नाही. लागतं ते एकाच गोष्टीसाठी, आणि त्यासाठीच हे पत्र. त्यांनी तुला काय लिहिलं? खरं लिहिलं असेल, तर सगळं जाणून तू मला दर दिवाळीला कार्ड पाठवत राहिलीस, आणि तेही मला समजून घ्यावं लागेल. 'सगळं जाळलं' असं लिहिलं असेल, तर ते माझ्यासाठी खोटं बोलले, की माझ्या माहेरच्या बियावर त्यांचा खरंच विश्वास होता, हे तुला सांगता येणार नाही. मला येईल. ते खरं लिहायचे तेव्हा एका दमात लिहायचे. मनात अडलं की तोच शब्द दोनदा गिरवायचे, कागद मागून फुगायचा. म्हणून त्यांचं ते पत्र तुझ्याजवळ असेल, तर मला पाठव. त्यात काय आहे ते लिहून पाठवू नकोस, झेरॉक्सही नको. तेच निळं पत्र हवं. 'जाळलं' या शब्दाच्या पाठीवरून मला बोट फिरवून बघायचं आहे.

तुझीच,
बयामावशी