चौथ्या पानावरची ओळ

१९ ऑगस्ट

प्रिय ताई,
नमस्कार.

"माझ्याच लेकीची गोष्ट सांगायला मला आता तुझी लेखी परवानगी लागणार का गं?" असं तू विचारलं होतंस. त्याला अकरा वर्षं झाली. तू आवाज चढवला नव्हतास. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलंस, पर्स उचललीस आणि जिना उतरून गेलीस. त्याचं उत्तर द्यायला आज बसलेय. पण आधी इकडचंतिकडचंच सुचतंय, तर तेच लिहिते.

मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय. स्वयंपाकघरातला गळका नळ शेवटी बदलला. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांची खुशाली आत्याकडून कळते, तुझी कळत नाही. तुझा विषय काढला की आत्याला गॅसवरचं दूध आठवतं.

पत्राचं कारण असं, की पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. सगळी पानं तयार आहेत, फक्त चौथं अडलंय. हक्कांची सूचना असते ते. प्रकाशकांकडे पानं लावणाऱ्या बाई अजून त्याच आहेत. म्हणाल्या, "जुनीच ठेवू ना? नुसतं साल बदलते."

"थांबा जरा," मी म्हटलं.

"अहो, ते पान कुणी वाचतं का?"

वाचतं. तू वाचलं होतंस.

मला ते पाठ आहे. 'सर्व हक्क लेखिकेचे. यातील मजकूर लेखिकेच्या लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाही. सर्व पात्रे काल्पनिक आहेत.' हा ठरीव मजकूर होता, घाईत तसाच राहून गेला, असं मी आत्याला सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं. ते खरं नाही, ताई. याच बाईंनी तेव्हा मला विचारलं होतं, "ज्या मुलीला पुस्तक अर्पण केलंय, तिच्याच ना या गोष्टी? मग सगळे हक्क तुमच्या एकटीचे कसे?" मी म्हटलं होतं, "लिहिल्यात मी."

लिहिल्या होत्याच. दुपारभर तू कामावर असायचीस आणि मी दवाखान्यात मुंगीच्या खाटेशी, वही घेऊन. सात वर्षांची पोर, अंगानं जेमतेम पाचाची. ती सांगायची, मी उतरवायची, संध्याकाळी तू आलीस की तुला वाचून दाखवायची. उचकी लागलेली खुर्ची तिची. अंघोळीला घाबरणारा साबणही तिचाच. मी एखादा शब्द बदलला की डोळे वटारायची. "मावशी, तू नुसतं लिही. शहाणपणा नको." नर्स हसून हसून सलाईनची बाटली बदलायची विसरायची.

ती गेल्यावर वही माझ्याकडे राहिली. तू मागितली नाहीस, मी दिली नाही. छापलं की मुंगी राहील, असं मला वाटलं होतं. अगदी मनापासून वाटलं होतं. पण मुखपृष्ठावर स्वतःचं नाव पाहिलं आणि मला आनंद झाला. पोरीला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लोक म्हणायचे, मुलांचं मन इतकं कळलेली लेखिका विरळाच. मी मान खाली घालून आभार मानायची. त्यानंतर माझं म्हणून जे लिहिलं, ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. तेही बरोबरच आहे.

आणि ती शेवटची ओळ. आपल्या मुंगीला मी काल्पनिक म्हटलं.

नवी सूचना चारदा खोडून लिहिलीय. 'या गोष्टी मुंगीनं सांगितल्या. तिच्या मावशीनं त्या उतरवून घेतल्या. त्यांचे सर्व हक्क मुंगीच्या आईकडे आहेत.' मुखपृष्ठावर तिचं नाव असेल. शाळेतलं घालायचं की मुंगीच, ते तू ठरव. सोबत संमतीचा कागद आहे. तुझी सही नसेल तर पुस्तक निघणार नाही, असं मी प्रकाशकांना सांगितलंय. ते वैतागलेत. वैतागू देत.

वहीसुद्धा पाठवतेय. सही कर किंवा नको करूस, वही तुझी.

एक राहिलं. वहीतली लिफ्टची गोष्ट अर्धी आहे, बघशील. सातव्या मजल्याला घाबरणारी ती लिफ्ट सहाव्यावर अडते, तिथवर सांगून मुंगी दमली. म्हणाली, "उरलेली आईला सांगते." तू आलीस, मला खाली औषधं आणायला पाठवलंस. मी वर आले तेव्हा ती झोपली होती आणि तू तिचा हात धरून बसली होतीस. नंतर ती फारशी बोललीच नाही. पुस्तकात लिफ्ट सातव्यावर पोचते, दार उघडतं आणि बाहेर लख्ख ऊन असतं. तो शेवट माझ्या पदरचा आहे. अख्ख्या पुस्तकात लोकांना तोच सगळ्यात आवडतो. तुला मात्र वाचताक्षणीच कळलं असणार.

या वेळी मी तो काढून टाकलाय. गोष्ट सहाव्यावरच थांबते.

ताई, त्या संध्याकाळी तिनं तुला पुढचं काय सांगितलं? मी छापणार नाही, कुठे उतरवून ठेवणार नाही, आत्यालाही सांगणार नाही. फोनवर सांग, नाहीतर दोन ओळी लिही. ते तुझ्याजवळचं शेवटचं आहे आणि तू ते मला देणार नाहीस, हे मला कळतं. तुझ्या जागी मीही दिलं नसतं. तरी विचारते, मला सांगशील?

मुंगीची मावशी