शामलेच्या भातावरच्या तुपाबाबत

लिहून ठेवणार मारोतराव बापूजी रेवतकर, वय चौसष्ट, कोराडीच्या वीज केंद्रातून भांडारपाल म्हणून निवृत्त, राहणार कोराडी रोड, नागपूर. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तातली साखर ठिकाणावर नाही, पण कायद्यात तिची अट नाही, असे वकिलांनी सांगितले.

मृत्युपत्राचे कारण तूप. आमच्याकडे माणूस गेला की जवळचे कोणीतरी त्याच्या आवडीचा पदार्थ त्याच्या नावाने जन्मभर सोडते. माझ्या आईने बापूजींच्या नावाने संत्रे सोडले आणि नरखेडजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेतच ती म्हातारी झाली. परवा संक्रांतीला माझी पत्नी सौ. शामला चारचौघांत म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी तूपच सोडीन." तिला ते सोडू द्यायचे नाही, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

कलम १. राहते घर शामलेचे. ती हयात असेतोवर कोणी ते विकू नये, आणि वैद्यकीय सल्ला घेऊन तिच्या स्वयंपाकघरात शिरू नये.

कलम २. संत्र्याची बाग, विहीर व पंप चिरंजीव डॉ. केशव याला. केशव रोग्यांना देवासारखा वाटतो, घरी मात्र यमासारखा. माझ्या लघवीत साखर सापडली तेव्हा त्याने नळीतले निळे औषध स्पिरिटच्या दिव्यावर उकळून विटकरी करून दाखवले आणि म्हणाला, "बाबा, आजपासून तूप बंद. करडईचं तेल खा." दारात म्हैस आणि पानात करडई! खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, असे मी ठणकावले. तो म्हणाला, "मंग राहा उपाशी."

मी राहिलो. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी, एकादशी, प्रदोष. आमच्या घरी उपासाला तेल चालत नाही, तूपच लागते, हे डॉक्टरला कोणत्या पुस्तकात शिकवणार? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा, सारे तुपात. गल्लीतल्या बाया माझ्या पाया पडू लागल्या. साखर मात्र चढतच गेली. केशव चक्रावला. "आई, बाबा इतके उपास करून राहिले, तरी साखर काहून वाढून राहिली?" शामला म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी, बाबू." माझे उपास त्याच दिवशी सुटले.

वाढलेली साखर बिचाऱ्या तुपाची की साबुदाणा-बटाट्याची, याचा निकाल केशवने अजून दिलेला नाही. अलीकडे विचारले तर म्हणाला, "शास्त्र बदलून राहिलं बाबा, नक्की सांगता येत नाही." मी म्हटले, "नक्की नव्हतं तं माही वाटी काहून उचलली गा?" तेव्हा त्याला एकदम दवाखाना आठवला.

कलम ३. म्हैस गोदी शामलेची. तिचे ढेप-कुटार केशवने बागेच्या उत्पन्नातून पुरवावे. बँकेत जे काही उरेल तेही शामलेचे. त्यात कोणी आपल्याच पोळीवर तूप ओढू नये.

कलम ४. मेहुणे चंपतराव यांना पत्र्याचा एक रिकामा डबा. केशवच्या लग्नात कोठी त्यांच्या ताब्यात होती आणि पंगतीत साजूक तूप म्हणून त्यांनी या डब्यातले वनस्पती वाढायला लावले. व्याही पहिल्याच घासाला थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू मी वर घेऊन जाणार आहे, डबा चंपतरावांनी ठेवावा. शामला वं, तुझा भाऊ आहे म्हणून एवढ्यावर भागवले.

कलम ५. तेरवीचा स्वयंपाक साजूक तुपात व्हावा. साखरवाल्या पाहुण्यांनी आपापल्या जबाबदारीवर जेवावे.

कलम ६. खरे कलम हे. माझे तूप बंद झाले त्या दिवसापासून शामलेने स्वतःच्या पानातलेही बंद केले. तिला ना साखर, ना रक्तदाब. ती सकाळी ताक घुसळते, लोणी काढते, कढवते, घरभर वास सुटतो. आणि ते तूप शेजारी वाटून आम्ही दोघे कोरडा वरण-भात जेवतो. मला हे सहन होत नाही. मी रोगापायी सोडले, तिने माझ्यापायी. आता मी गेल्यावरही माझ्याचपायी? मुळीच नाही. माझ्या नावाने कोणाला काही सोडायचेच असेल तर केशवने करडईचे तेल सोडावे आणि चंपतरावांनी लोकांच्या लग्नात पुढे पुढे करणे. शामलेने माझ्या पश्चात रोज भातावर तूप घ्यावे. मी जाईन त्या दिवशी चूल पेटणार नाही, शेजारी पिठलं-भात आणतील, त्यावरही घ्यावे. लोक नावे ठेवतील. ठेवू देत.

पुरवणी. आज दोन्ही साक्षीदार आले असता वरील मजकूर शामलेला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही मेल्यावर काहून घ्यायचं? वाढायचं तं आज वाढा ना." मी उठलो, आलमारीतली बरणी काढली आणि तिच्या भातावर तूप वाढले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण तिच्या पानात मी पहिल्यांदाच काही वाढले. ती चवीने जेवली. मला मात्र चमचाही चाटू दिला नाही.

सबब कलम ६ मधील "माझ्या पश्चात" हे शब्द खोडले आहेत. खोडाखोड माझ्या हातची असून तिच्यावर सही केली आहे.

(सही) मारोतराव बापूजी रेवतकर

साक्षीदार, सही व तूप दोन्ही आमच्यासमक्ष:
१. विश्वनाथ देवराव भोयर, शेजारी
२. धोंडबा कवडू नेवारे, ढेपवाले

नागपूर, दिनांक २२ जानेवारी १९८४